दरी पडली ती उपचार सुधारल्यावर

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनकर्करोग होण्याचं प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमीच आहे. पण त्यानं मृत्यू येण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी जास्त. हे पूर्वापार असंच असेल, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात १९८० च्या सुमारापर्यंत दोन्हींचा मृत्युदर जवळजवळ सारखा होता. पुढं मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) रुळली, टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकांना रोखणारी औषधं हाताशी आली, आणि ज्यांच्याकडे विमा होता त्यांना त्यांचा लाभ आधी मिळाला. दरी पडली ती तिथून.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सार्वजनिक रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन हे रोज पाहत होते. १९६४ ते १९८६ या काळात तिथं उपचार घेतलेल्या ६०६ रुग्णांपैकी पाच वर्षं जगल्या फक्त ३९ टक्के. जवळपास निम्म्यांकडे विमाच नव्हता आणि अगदी पहिल्या टप्प्यात निदान झालेल्या होत्या जेमतेम ६ टक्के. गाठ हाताला लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या वाटेतच या बायका हरवतात, हे फ्रीमन यांनी ओळखलं. १९९० मध्ये त्यांनी प्रत्येकीसोबत एक माणूस दिला: तारखा मिळवणारा, कागदपत्रं लावून देणारा, भीती ऐकून घेणारा. मोफत आणि स्वस्त तपासणीची सोय होतीच. १९९५ ते २००० मधल्या रुग्णांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. औषधं सुधारली होती हे खरं, पण ती वेळेत पोचली हे माझ्या मते जास्त मोलाचं.

शरीराचा वाटा नाकारता येत नाही. संप्रेरकांवरच्या औषधांना दाद न देणारा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत साधारण दुप्पट आढळतो, तोही बऱ्याचदा तरुण वयात. मात्र ज्या गाठींवर ही औषधं चालतात, त्यांतही मृत्यूंची तफावत आहेच. तिथं जनुकांकडे बोट दाखवून भागत नाही. शिवाय जनुकीय चाचणीचा आधार असलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची. त्यामुळे इतरांच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’, म्हणजे सापडलेला बदल धोक्याचा की नाही ते ठाऊक नाही, हा शेरा जास्त वेळा येतो.

सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांनी मॅमोग्राफी पन्नाशीपासून करावी, अशी अमेरिकेतल्या तज्ज्ञ कार्यदलाची २००९ ची शिफारस होती. २०२४ मध्ये ते वय ४० वर आलं. ही तपासणी बहुतेक विम्यांत मोफत असते. तिच्यात संशय आला की करायच्या पुढच्या चाचण्यांचा खर्च मात्र २०२५ पर्यंत अनेकींना स्वतःच्या खिशातून करावा लागत असे.