हात हलला की माणूस हलला?

घरातल्या समारंभाचे फोटो बघायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'अरे, हा फोटो हललाय.' पण कोण हललं? फोटो काढणाऱ्याचा हात हलला, की ज्याचा फोटो काढला ते माणूस? दोन्हींचा परिणाम वरवर सारखाच दिसतो, म्हणून आपण दोन्हींना एकच नाव देतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही घरीच तिला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. संध्याकाळची वेळ, दिवे आणि कोपऱ्यातली एक ट्यूब एवढाच उजेड. बहुतेक फोटो हललेले आले. आपला हात स्थिर नाही, असं समजून मी पैसे साठवून स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय असलेली लेन्स घेतली. पुढच्या भाऊबीजेला सहा वर्षांची पुतणी भावाला ओवाळत होती. नवी लेन्स, तरी फोटो हललेलाच. शेवटी दोन्ही समारंभांचा एकेक फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडला आणि मोठा करून बघत बसलो.

पंचाहत्तरीच्या फोटोत आईच्या मागे भिंतीवर दिव्यांची माळ होती. तिच्यातला प्रत्येक बारीक दिवा स्वल्पविरामासारखा वाकडा झाला होता, आणि सगळे स्वल्पविराम एकाच बाजूला वळलेले होते. शेजारच्या कॅलेंडरवरचे आकडेही त्याच दिशेने दुहेरी दिसत होते. भिंत काही हलत नाही. म्हणजे कॅमेरा हलला होता.

भाऊबीजेच्या फोटोत त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख स्वच्छ वाचता येत होती. खिडकीचे गज सरळ होते, पाटाभोवतीच्या रांगोळीचा ठिपका न् ठिपका दिसत होता. पुसट होतं ते फक्त पुतणीचा उजवा हात, तबक आणि थोडा चेहरा. निरांजनाच्या ज्योतीची पिवळी कमान उमटली होती, कारण ती खरोखरच ओवाळत होती. माझा हात स्थिर होता, नवी लेन्स तिचं काम चोख करत होती. हलली होती पुतणी.

तेव्हापासून हललेला फोटो दिसला की आधी त्यातली न हलणारी वस्तू शोधतो. कॅलेंडर, दाराची चौकट, देव्हारा, खिडकीचे गज, काहीही चालेल. ती वस्तूही पुसट असेल तर हात हलला. ती लख्ख असेल आणि माणूस पुसट असेल, तर माणूस हललं. रात्रीच्या फोटोत ही तपासणी आणखी सोपी जाते, कारण लांबचे दिवे हाताची हालचाल जशीच्या तशी लिहून ठेवतात. तिसरीही एक शक्यता असते, फोकस चुकण्याची. तेव्हा दिव्याची रेघ होत नाही, गोल चकती होते. शिवाय पुढची किंवा मागची दुसरीच एखादी गोष्ट धारदार आलेली असते. तो वेगळा विषय आहे, पण या दोघांत त्याची गल्लत करू नये.

आता हाताचं बघू. शटर म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदा. तो उघडा असेल तेवढ्या वेळात कॅमेरा किंचित वळला की सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर, चित्र सरकतं. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकं तेच वळणं मोठं दिसतं. यावरून एक जुना ठोकताळा आहे. लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, सेकंदाचा निदान तेवढावा भाग शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, ठेवावा. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा आकडा दीडपट धरायचा, म्हणजे ५० मिमीला साधारण १/८०. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद बघतो, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने साधारण २५ मिमीच्या आसपास. म्हणून तिथे १/३० लाही हात सहसा निभावून नेतो.

हाताचा दोष घालवायला पैसे लागतातच असं नाही. कोपरं बरगड्यांना टेकवावीत, खांदा भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला लावावा, हळूच श्वास सोडता सोडता बटण दाबावं. पुष्कळदा हात धरण्यात चूक नसते, बटणावर बोट आपटण्यात असते. कॅमेरा टेबलावर किंवा डब्यावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला की तोही प्रश्न मिटतो.

स्टॅबिलायझर याच दोषावर काम करतो. आतले जायरोस्कोप कॅमेऱ्याचं वळणं ओळखतात आणि लेन्समधली काही भिंगं किंवा सेन्सर उलट बाजूला सरकवतात. कॅननची अशी पहिली लेन्स, ७५ ते ३०० मिमीची, १९९५ मध्ये आली. मिनोल्टाने २००३ मध्ये डिमाज ए-१ या कॅमेऱ्यात सेन्सरच हलता केला. मोबाइलमध्ये २०१२ च्या नोकिया ल्युमिया ९२० मध्येही भिंगांचा स्टॅबिलायझर होता. खोक्यावर 'चार स्टॉप' असं लिहिलेलं असतं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. चार स्टॉपचा अर्थ जिथे १/५० लागायचं तिथे १/३ सेकंदालाही हात धकून जाईल. देवळातला कोरीव खांब, वाड्याची ओसरी, रात्रीचा घाट, इथे हे वरदानच आहे. खांब हलत नाहीत.

पोर मात्र हलतं. पळणारं मूल सेकंदाला तीन मीटर जातं असं धरू. १/३० सेकंदात ते दहा सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. कॅमेरा फरशीत पुरून ठेवला तरी ते दहा सेंटिमीटर फोटोत पुसट येणारच. १/५०० ला तेच अंतर सहा मिलिमीटरवर येतं आणि डोळ्याला मूल थांबल्यासारखं दिसतं. म्हणून बसून गप्पा मारणाऱ्या माणसांना मी १/१२५ ठेवतो, चालणाऱ्यांना १/२५०, पळणाऱ्या मुलांना आणि लेझीमला १/५०० किंवा त्याहून वेगवान.

हलणाऱ्या माणसाचं टोकाचं उदाहरण फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीलाच सापडतं. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलवार द्यू तांप्ल या रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला. रस्ता वाहता होता, पण फोटोच्या प्लेटवर पुरेसा उजेड पडायला काही मिनिटं लागायची. घरं, झाडं, धुराडी सगळं रेखीव आलं. गाड्या आणि माणसं मात्र नाहीशी झाली, इतकी हलली की त्यांचा डागसुद्धा उरला नाही. एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा उमटला, कारण तो एका जागी उभा होता. कॅमेऱ्यात तसूभरही दोष नव्हता.

मग घरात १/५०० आणायचं कुठून? खरी अडचण उजेडाची आहे. एका ट्यूबच्या खोलीत कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ मिमीपर्यंत ओढली की उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/५.६ ला अडकतं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, १६०० ठेवूनही शटर १/१५ च्या आसपास रेंगाळतं. तिथे जास्त उघडणारी एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स लावली तर जवळपास दहापट उजेड आत येतो आणि शटर १/१५० वर जातं. या स्वस्त लेन्समध्ये बहुतेकदा स्टॅबिलायझर नसतो. तरीही घरातल्या मुलांसाठी तीच घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. आयएसओ ३२०० किंवा ६४०० करायलाही भिऊ नका. दाणेदार फोटोत नातवाचं हसू दिसतं, पुसट फोटोत दिसत नाही. दिवसा तर मुलांना खिडकीजवळ बोलवावं, तेवढ्याने अर्धं काम होतं. फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून मारला तर त्याची चमक इतकी क्षणभराची असते की हालचाल जागच्या जागी गोठते.

क्षण निवडणं हे यातलं सर्वांत सुंदर औषध. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो, मग परततो. उडी मारणारं मूल अगदी वर पोचल्यावर निमिषभर तरंगतं. तिथे बटण दाबलं तर कमी वेगाच्या शटरलाही फोटो धरतो. मूल आडवं पळत असेल तर जास्त पुसट होतं, सरळ आपल्याकडे येत असेल तर कमी.

मोबाइलच्या नाइट मोडमध्ये ही गल्लत सर्वांत जास्त होते. तो लागोपाठ अनेक फोटो घेऊन एकत्र करतो आणि हाताची हालचाल हिशेबाने काढून टाकतो. त्यामुळे समोरची दीपमाळ झकास येते. पण समोर मूल असेल तर त्याला कधी दोन कान, कधी अर्धा हात येतो. मुलांसाठी नाइट मोड बंद करून खोलीतला आणखी एक दिवा लावणं केव्हाही चांगलं.

प्रवासात दोन्ही दोष एकाच फोटोत येतात. कोकण रेल्वेच्या खिडकीतून काढलेला फोटो आठवा. रुळांलगतचे खांब ओढल्यासारखे, नारळाची झाडं थोडी फिसकटलेली, लांबचा डोंगर मात्र स्थिर. इथे आपण हलतोय आणि जग थांबलंय, तरी फोटोत जवळचं जगच पळताना दिसतं. उपाय हलत्या माणसाचाच, म्हणजे शटरचा वेग वाढवायचा, १/१००० पर्यंत. एसटीत मात्र एक काळजी घ्यावी. स्थिर राहावं म्हणून कोपर खिडकीच्या पट्टीवर टेकवलं की इंजिनाची सगळी थरथर कॅमेऱ्यात उतरते. हात मोकळे धरले तर अंगच ती थरथर जिरवतं.

हाताच्या हलण्याने फोटोचं भलं झालेलं मी क्वचितच पाहिलंय. माणसाच्या हलण्याने मात्र फोटो कितीदा जिवंत होतो! आई पुरणपोळी लाटत असताना १/३० ला काढलेल्या फोटोत तिचा चेहरा शांत आहे, आणि लाटण्यावरचे दोन्ही हात पिठाच्या ढगासारखे. तेच हात १/५०० ला गोठवले असते तर ती नुसतीच लाटणं धरून बसल्यासारखी दिसली असती. वारीच्या वाटेवर कॅमेरा दगडावर टेकवून १/८ ठेवलं तर चालणारे वारकरी पांढऱ्या ओघासारखे येतात आणि कडेला थांबलेली एखादी आजी त्यात स्पष्ट दिसते. अशा फोटोत एक तरी गोष्ट धारदार असली पाहिजे, आणि त्यासाठी हात स्थिर हवा.

यंदाच्या भाऊबीजेचं ठरलंय. खोलीतले सगळे दिवे लावायचे, ५० मिमी, एफ/२, आयएसओ ३२००, शटर १/२५०, आणि पुतणीचा चेहरा धरायचा. मग मोठे दिवे मालवायला सांगून स्टॅबिलायझरची लेन्स चढवायची, चौकटीला खांदा लावायचा आणि १/८ ला पुन्हा एकदा. त्या वेळी ओवाळणारा हात पुसट झाला तरी चालेल. मला ज्योतीची ती कमान हवी आहे.