पाणी शिरलेलं बोटीचं इंजिन: सेल्फ मारण्याआधी एवढं वाचा

इंजिनात पाणी गेलं म्हणजे ते संपलंच, असं धरून बरेच ग्राहक थेट नव्या इंजिनाची चौकशी करायला येतात. आमचं म्हणणं असं, की आधी जुनं नीट बघू. पाण्याखाली असेपर्यंत इंजिनाचं फारसं बिघडत नाही. ते वर आलं, त्याला हवा लागली, की गंज धरायला लागतो. आणि सगळ्यांत महागात पडतो तो घाईने मारलेला सेल्फ.

सेल्फ का नको, तर हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जागाच उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड थोडासाच वाकला तर त्या दिवशी कळतही नाही. इंजिन चालू होतं, ग्राहक खूश होतो, आणि पुढे कधीतरी भर पाण्यात तो रॉड तुटून ब्लॉक फोडतो. म्हणून पहिलं काम म्हणजे बॅटरीच्या दोन्ही वायर काढणं. ओल्या वायरिंगमध्ये करंट राहिला तर धातू आणखी वेगाने खाल्ला जातो, हेही एक कारण आहे.

पहिल्या दिवशीचं काम

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पाणी सुकतं, मीठ तिथेच राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. त्यामुळे इंजिन बाहेरून गोड्या पाण्याने भरपूर धुवा, नुसतं पुसून भागत नाही. धुताना हवा घेण्याचं तोंड बांधून ठेवा. इंजिन बोटीतून सुटं काढलं असेल आणि लगेच काम सुरू करता येणार नसेल, तर ते गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेलं बरं. ऐकायला विचित्र वाटेल, पण उघड्यावर दोन दिवस ठेवण्यापेक्षा ते नक्कीच चांगलं.

मग डिझेल इंजिनाचे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) किंवा पेट्रोल इंजिनाचे प्लग काढा. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू, नेहमीच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती मोडू शकतात. फिरवताना नोझलच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. पाणी यायचं थांबलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल ओता आणि पुन्हा फिरवा, म्हणजे लाइनरवर ऑइलचा थर बसतो. एवढं वेळेत झालं तर पुढच्या कामाला थोडी सवड मिळते.

इंजिन फिरतच नसेल तर जोर लावू नका. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) आणि अॅसिटोन सम प्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये ओता, काही दिवस मुरू द्या, रोज पाना लावून किंचित पुढे-मागे हलवून बघा. इथे मागे हलवावं लागतं, म्हणून इम्पेलर आधी काढून ठेवा. अॅसिटोन पटकन पेट घेतो, जवळपास आग किंवा ठिणगी नको. या कामाला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

ऑइल

पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरच्या तळाशी बसतं. तळाचा नट हळूच सैल केला तर आधी पाणी येतं आणि मग काळं ऑइल सुरू होतं. इंजिन पाण्यासकट फिरलेलं असेल तर सगळं घुसळून दुधाळ झालेलं दिसेल. नटापर्यंत हात पोहोचत नसेल तर ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकातून हातपंपाने ओढा, फक्त नळी अगदी तळाला टेकली पाहिजे.

नंतर साधं, स्वस्त ऑइल भरा. महागडं ऑइल इथे वाया जातं, कारण पहिले दोन-तीन भराव धुण्यासाठीच असतात. प्रत्येक वेळी फिल्टरही बदला. पट्टीवर दुधाळपणा दिसेनासा होईपर्यंत हे करत राहायचं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि ते हमखास विसरलं जातं, तेही काढून बघा.

पाणी आलं कुठून?

बोट बुडाली असेल तर प्रश्न नाही. बोट तरंगत असताना सिलिंडरमध्ये पाणी आलं असेल, तर कारण सापडेपर्यंत दुरुस्तीवर खर्च करू नका. गंजलेला एक्झॉस्ट एल्बो (इंजिन थंड करून आलेलं पाणी धुरात मिसळतं तो वाकडा पाइप), बंद पडलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ न देणारा), फुटका ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट, यांपैकी काहीही असू शकतं. पण एक कारण फार साधं आहे. इंजिन चालू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहिलं, की पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतच असतो. ते बाहेर ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये चढतं. इंजिन लवकर चालू होत नसेल तर पाण्याचा कॉक बंद करून सेल्फ मारा, आणि चालू होताच लगेच उघडा.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब) तपासेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका. सगळ्या सिलिंडरांचं रीडिंग कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याजवळ आणि एकमेकांच्या साधारण 10 टक्क्यांत असेल, तर हेड खोलायची घाई नाही. एकच सिलिंडर फार कमी दाखवत असेल तर वाकलेला रॉड, अडकलेली रिंग किंवा गंजलेला व्हॉल्व्ह असू शकतो, मग खोलावंच लागेल.

सेल्फ आणि अल्टरनेटर बहुतेकदा वाचतात. खोलून गोड्या पाण्यात धुवायचे, पूर्ण वाळवायचे, बेअरिंग आणि ब्रश बदलायचे. वायरिंगची मात्र खात्री करा. वायरचं टोक कापून आत बघा. तांबं काळं किंवा हिरवं पडलेलं असेल तर ती वायर बदला, टर्मिनल घासून उपयोग नाही. टाकी आणि डिझेल फिल्टर स्वच्छ झाल्याशिवाय डिझेलच्या लाइनमधली एअर काढायला बसू नका, नाहीतर उरलेलं पाणी तुम्हीच पंपात नेता. डिझेल पंप घरी खोलू नका, तो टेस्ट बेंचवरच बघावा लागतो. कॉमन रेल (डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारं) इंजिन असेल आणि कंट्रोल युनिटही बुडालं असेल, तर खर्च आवाक्याबाहेर जाऊ शकतो. तसं दिसलं तर आम्ही सुरुवातीलाच सांगतो.

पेट्रोल इंजिनाला बचतीसाठी गाडीचा सेल्फ किंवा अल्टरनेटर कधीही लावू नका. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साठते आणि गाडीच्या भागांतली ठिणगी उघडी असते. बोटीसाठीचे भाग ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात. इथे जीव जाऊ शकतो.

पहिल्यांदा चालू करताना

डिझेल इंजिनाजवळ एक जाड लाकडी फळी घेऊन माणूस उभा करा. सिलिंडरमध्ये किंवा हवेच्या मार्गात ऑइल राहिलं असेल तर इंजिन त्याच ऑइलवर सुसाट सुटू शकतं, आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून ते बंद करायचं, हात कधीच लावायचा नाही. ऑइल प्रेशर लगेच आलं पाहिजे, नाही आलं तर बंद करा. लोड न देता दहा-पंधरा मिनिटं चालवा, गरम असतानाच ऑइल काढा, पुन्हा भरा. काढलेलं ऑइल डब्यात साठवा, पाण्यात सोडू नका.

इंजिन आमच्याकडे आणणार असाल तर ते किती वेळ पाण्यात होतं, पाणी खारं की गोडं, आणि सेल्फ मारला होता का, हे आधी सांगा. मारला असेल तरी सांगा, त्यावरून आम्ही रॉड तपासायचा की नाही ते ठरवतो. काढलेले नोझल, नट आणि जुनी गॅस्केटसुद्धा टाकू नका, सोबत आणा.