चारोआइट : सैबेरियाचा जांभळा दगड आणि त्याला चिकटलेल्या कथा

जांभळा खडा म्हटलं की आपल्याकडे आधी कटेला आठवतो, म्हणजे ॲमेथिस्ट. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांतही त्याचे स्फटिक सापडतात, त्यामुळे तो काही दुर्मीळ नाही. आता क्रिस्टल हीलिंगच्या, म्हणजे खड्यांनी आजार बरे करण्याच्या बाजारात त्याच्या शेजारी आणखी एक जांभळा दगड मांडलेला दिसतो, चारोआइट. सोबतच्या चिठ्ठीवर ‘प्राचीन काळापासून वापरात असलेला’, ‘सहस्रार चक्र उघडणारा’, ‘भीती आणि वाईट स्वप्नं घालवणारा’ असं काहीबाही छापलेलं असतं. हा दगड माझ्या फार आवडीचा आहे. म्हणूनच त्याच्यातलं जुनं काय आणि नवं काय, हे एकदा नीट मांडावंसं वाटलं.

जुना आहे तो दगड. पूर्व सैबेरियात, इर्कुत्स्क प्रांत आणि याकुतिया यांच्या सीमेजवळ मुरुन नावाचा डोंगराळ टापू आहे. सुमारे १३ ते १४ कोटी वर्षांपूर्वी तिथे पोटॅशियमने भरलेला शिलारस खालून वर आला आणि त्याहूनही कितीतरी जुन्या चुनखडकांच्या थरांत घुसला. शिलारसातून सुटलेले तप्त द्राव त्या खडकांत झिरपले. पोटॅशियम, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम त्यांनी आणलं, कॅल्शियम चुनखडकाने दिलं, आणि त्या मिश्रणातून हे तंतुमय सिलिकेट (सिलिकॉन आणि ऑक्सिजनवर आधारलेलं खनिज) तयार झालं. जांभळा रंग आला तो थोड्याशा मँगनीजमुळे. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हा दगड त्याच्या दुप्पट वयाचा. शिलारस आणि चुनखडक यांची गाठ जगात असंख्य ठिकाणी पडली आहे. पण चारोआइटचा खाणीतून काढण्याजोगा साठा मात्र मुरुनमध्येच मिळाला. त्या खाणीचं रशियन नाव ‘सिरेनेवी कामेन’, म्हणजे लायलॅकच्या फुलाच्या रंगाचा दगड.

माणसाशी त्याची ओळख मात्र अगदी अलीकडची आहे. १९४०च्या दशकात सर्वेक्षण करणाऱ्या भूवैज्ञानिकांना हा जांभळा खडक दिसला होता, पण त्यांनी तो दुसऱ्याच एका माहीत असलेल्या खनिजाच्या नावावर नोंदवला. पुढे व्हेरा रोगोव्हा या भूवैज्ञानिक बाईंनी त्याचा पिच्छा पुरवला आणि हे वेगळंच खनिज आहे हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्याचं वर्णन १९७८ साली प्रसिद्ध झालं. चारा नदीवरून ‘चारोआइट’ हे नाव ठेवलं. ही नदी ओल्योक्माला मिळते आणि ओल्योक्मा लेनाला. रशियनमध्ये ‘चारी’ या शब्दाचा अर्थ जादू, मोहिनी. त्यामुळे दगडाचं नाव त्यावरूनच पडलं, अशी एक गोड समजूत पसरली आणि औषधी कथांना बसायला पाट मिळाला.

बाहेरच्या बाजारात हा दगड आला तेव्हा जाणकारांनाही हा रंग दिलेला माल असावा असं वाटलं होतं. इतका गडद जांभळा, तोही पाण्यासारखा भोवरे घेणारा, कुणी पाहिलाच नव्हता. आणि नाव पडल्यावरही त्याची आतली रचना बरीच वर्षं उलगडत नव्हती. तंतू इतके बारीक आणि एकमेकांत इतके गुंतलेले, की नेहमीच्या क्ष-किरण पद्धतीला हवा तसा सुटा स्फटिक मिळेना. अखेर इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून २०१०मध्ये ती रचना मांडता आली.

आता औषधी कथांकडे. ज्या दगडाला १९७८पर्यंत स्वतःचं नाव नव्हतं, तो नवरत्नांत नाही, आपल्या जुन्या रत्नशास्त्रांत नाही आणि आयुर्वेदाच्या रत्नभस्मांतही नाही. मग मन शांत करणं, झोप, व्यसनातून सुटका हे गुण त्याला मिळाले कुठून? मला वाटतं, बरेचसे ॲमेथिस्टकडून. ॲमेथिस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘नशा न चढणारा’. तो खडा जवळ असला की दारू चढत नाही, ही समजूत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. नवा जांभळा दगड आला आणि रंगाच्या नात्याने तो वारसा त्याच्याकडे गेला.

चक्राची गोष्ट आपल्याला जास्त जवळची, म्हणून जास्त खटकते. मूलाधार लाल, मग नारिंगी, पिवळं, हिरवं असं चढत सहस्राराला जांभळा हा इंद्रधनुषी क्रम आज योगवर्गाच्या भिंतीवरही दिसतो. तो विसाव्या शतकात पाश्चिमात्य देशांत रुळला. पूर्णानंदांच्या १५७७च्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात सहस्रार कमळ पूर्णचंद्राहूनही शुभ्र सांगितलं आहे. म्हणजे ‘सहस्रारासाठी जांभळा खडा’ ही जोडी तिकडे जमली, आणि आता आपलीच परंपरा म्हणून आपल्याला परत विकली जाते आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्याला हा दगड हातात धरून पाच मिनिटं शांत बसावंसं वाटतं, त्याने जरूर बसावं. ती शांतता खरी असते. पण झोपेची गोळी, रक्तदाबाचं औषध किंवा व्यसनमुक्तीचे उपचार बंद करून यावर भिस्त ठेवू नये. हा दगड आजार बरा करतो असं कोणत्याही चाचणीत दिसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. चारोआइट पाण्यात घालून ते पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो, तो पाळू नका. हा दगड शुद्ध एका खनिजाचा नसतो, आणि मुरुनच्या या खडकात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेली खनिजंही किंचित सापडतात. अंगठीत किंवा पदकात घालायला हरकत नाही. घरी घासणं-कापणं टाळावं, ती बारीक धूळ छातीत जाऊ नये.

माझ्याकडे चारोआइटचा एक लंबगोल खडा आहे, चिंचोक्याएवढा. दहापट भिंगाखाली धरला की जांभळे तंतू विंचरलेल्या रेशमासारखे वळसे घेत जातात आणि खडा हलवला की त्यांच्यावरून एक फिकट चमक सरकते. मधेच एगिरीन या खनिजाच्या काळ्या सुया, आणि एका कडेला टिनाक्साइट या दुसऱ्या खनिजाचा मधासारखा नारिंगी फराटा. खोट्या मालात हे मिळत नाही. रंगवलेल्या दगडात रंग भेगांत साचून गडद रेघा दिसतात, प्लॅस्टिकचा खडा हाताला हलका आणि कोमट लागतो. खरा चारोआइटही तसा मऊच, कठीणपणाच्या मोहस् मोजमापात (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) ५ ते ६. रोजच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७, म्हणून मी तो कोरड्या फडक्याने कधी पुसत नाही. आधी साध्या पाण्याखाली धरते, मग मलमलीने टिपते.