बंदूक नियंत्रण आणि अमेरिकी संसदेतील पक्षीय कोंडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खासगी व्यक्तींनी बंदुका विकत घेणे, घरी बाळगणे आणि सार्वजनिक ठिकाणी सोबत नेणे यांवर कायद्याने किती बंधने असावीत, या प्रश्नावरून रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन प्रमुख पक्षांत उभी राहिलेली दीर्घकालीन कोंडी. या कोंडीमुळे १९९४ ते २०२२ या अठ्ठावीस वर्षांत अमेरिकी संसदेला बंदूक नियंत्रणाचा एकही मोठा नवा कायदा करता आला नाही. जिनिव्हातील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक. २०२१ मध्ये बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ही बाब सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवी. कारण राजकीय वादळ उठते ते शाळेतल्या, बाजारातल्या किंवा प्रार्थनास्थळातल्या सामूहिक हत्याकांडानंतर, आणि बहुसंख्य मृत्यू मात्र एकेकट्या माणसाचे असतात, ज्यांची दखल संसदेत क्वचितच घेतली जाते.

वादाचे मूळ राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. १७९१ मध्ये संमत झालेली ही दुरुस्ती मुळात अवघ्या २७ शब्दांची आहे. मुक्त राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्याने शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर आक्रमण होऊ नये, असा तिचा आशय आहे. यातील नागरी सेनेचा उल्लेख हक्काला मर्यादा घालतो की केवळ त्याचे एक कारण सांगतो, यावर विधिज्ञांत दीर्घकाळ मतभेद राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९३९ च्या मिलर खटल्यात पहिल्या अर्थाकडे झुकणारा निकाल दिला होता. २००८ च्या हेलर खटल्यात मात्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिलेल्या पाच विरुद्ध चार अशा निकालाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरला. हा हक्क अमर्याद नाही आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवरची किंवा शाळांतली शस्त्रबंदी त्यामुळे आपोआप अवैध ठरत नाही, हेही त्याच निकालात म्हटले आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळाला तरच बंदूक बाळगता येते. अमेरिकेत हक्क आधी आणि निर्बंध नंतर, असा उलटा क्रम आहे, आणि हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय तिथल्या वादाची भाषा समजत नाही.

सुरुवातीला हा वाद पक्षीय नव्हता. दारूबंदीच्या काळात टोळ्यांनी मशीनगन वापरून केलेल्या हत्यांनंतर १९३४ मध्ये पहिला महत्त्वाचा केंद्रीय कायदा झाला. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि आवाज दाबणारी उपकरणे यांच्या हस्तांतरावर त्याने २०० डॉलर कर लावला आणि त्यांची नोंदणी सक्तीची केली. त्या काळी ही रक्कम इतकी मोठी होती की कर म्हणजे जवळपास बंदीच होती. अध्यक्ष जॉन केनेडी यांची १९६३ मध्ये, तर मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांची १९६८ मध्ये हत्या झाल्यावर त्याच वर्षी दुसरा मोठा कायदा आला आणि टपालाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक मागवण्याची सोय बंद झाली. कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे सशस्त्र कार्यकर्ते विधानभवनात शिरल्यानंतर भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरण्यास मनाई करणाऱ्या कायद्यावर सही झाली ती रिपब्लिकन राज्यपाल रोनाल्ड रेगन यांची. पुढे बंदूक हक्काचे प्रतीक ठरलेल्या पक्षाच्या नेत्याने ही सही केली होती, यावरून तेव्हाची पक्षरेषा आजच्यासारखी नव्हती हे दिसते.

रेषा आखली गेली ती सत्तरच्या दशकात. अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी कच्ची असल्याचे पाहून उत्तरेकडील राज्यांच्या सैन्यातील निवृत्त अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ही संघटना काढली होती. शिकार, नेमबाजीच्या स्पर्धा आणि प्रशिक्षण हेच तिचे मुख्य काम होते. तिचे नेतृत्व राजकारणातून अंग काढून मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो राज्यात हलवण्याच्या विचारात असताना, १९७७ च्या सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सभासदांनी बंड केले आणि कोणत्याही नियंत्रणाला विरोध करणारा गट सत्तेवर आणला. १९८० मध्ये या संघटनेने प्रथमच अध्यक्षपदाच्या उमेदवाराला, रेगन यांना, जाहीर पाठिंबा दिला. तिच्या रेट्यामुळे १९८६ मध्ये झालेल्या कायद्याने नागरिकांसाठी नव्या मशीनगनवर बंदी घातली खरी, पण बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही तयार करण्यास सरकारला मज्जाव केला. त्याचे परिणाम वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे आजही पाहता येतात. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारे केंद्रीय कार्यालय तिथे आहे. बंद पडलेल्या दुकानांची विक्रीपुस्तके तिथे कोट्यवधी पानांच्या संख्येने येऊन पडतात, पण खरेदीदाराच्या नावावरून संगणकावर शोध घेता येईल अशा रूपात ती ठेवण्याची परवानगी नाही. त्यामुळे कर्मचारी ती पाने एकामागून एक चाळतात. कोंडी म्हणजे केवळ नवे कायदे न होणे नव्हे. आहे तो कायदा राबवणाऱ्यांचे हात बांधून ठेवणे हाही तिचाच भाग आहे.

१९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा होण्यास १९९३ साल उजाडावे लागले. परवानाधारक दुकानदाराने बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची पडताळणी करणे या कायद्याने बंधनकारक केले आणि १९९८ पासून ती संगणकीय यंत्रणेमार्फत तत्काळ होऊ लागली. मात्र दुकान नसलेल्या खासगी विक्रेत्याला हे बंधन लागू नव्हते, आणि पुढील तीस वर्षांचे बरेचसे भांडण या एका फटीभोवती फिरत राहिले. १९९४ मध्ये लष्करी धाटणीच्या काही अर्धस्वयंचलित (चाप ओढला की दर वेळी एक गोळी सुटणाऱ्या) बंदुका आणि दहाहून अधिक गोळ्यांची मॅगझिन यांच्या निर्मितीवर व विक्रीवर दहा वर्षांची बंदी आली. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, हा प्रस्ताव २१६ विरुद्ध २१४ असा केवळ दोन मतांनी निभावला, आणि तोही फोर्ड, कार्टर व रेगन या तीन माजी अध्यक्षांनी सदस्यांना संयुक्त पत्र लिहिल्यावर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील चाळीस वर्षांचे बहुमत गमावले आणि सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात हरले. पराभवाची कारणे अनेक होती, पण बंदुकीला हात लावाल तर खुर्ची जाईल, हाच धडा त्या पक्षाने घेतला. बंदीची मुदत २००४ मध्ये संपली, तेव्हा ती वाढवण्यात आली नाही.

सर्व विक्रीव्यवहारांत पूर्वेतिहासाची पडताळणी व्हावी या मागणीला अनेक जनमत चाचण्यांत दहापैकी आठांहून अधिक अमेरिकी नागरिकांनी पाठिंबा दिला आहे. तरीही कायदा का होत नाही, याचे उत्तर संसदेच्या रचनेत आहे. सिनेट या वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला दोन जागा असतात. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३ कोटी ९५ लाख लोकवस्तीच्या कॅलिफोर्नियाला आणि पावणेसहा लाखांच्याही किंचित वर असलेल्या वायोमिंगला तिथे सारखेच वजन आहे. आणि विरळ वस्तीच्या, ग्रामीण राज्यांत बंदूक बाळगणाऱ्या घरांचे प्रमाण अधिक असते. शिवाय चर्चा अमर्याद लांबवून विधेयक अडवण्याची, फिलिबस्टर नावाची प्रथा सिनेटमध्ये आहे. ती मोडण्यासाठी १०० पैकी ६० मते लागतात. याखेरीज बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले झाल्यामुळे उमेदवाराला खरी भीती असते ती पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीची, जिथे मोजके पण कडवे मतदार निकाल ठरवतात. नियंत्रणाला अनुकूल असलेला मतदार दहा प्रश्नांचा विचार करून मत देतो, तर बंदूक हक्काचा कडवा समर्थक अनेकदा या एकाच प्रश्नावर देतो. जनमताची संख्या आणि जनमताची तीव्रता यांत या व्यवस्थेत तीव्रता जिंकते.

याचा सर्वांत वेदनादायक दाखला १७ एप्रिल २०१३ चा आहे. चार महिन्यांपूर्वी, १४ डिसेंबर २०१२ रोजी, कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथील सँडी हुक प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली होती. ती मुले सहा-सात वर्षांची होती. बंदूक हक्काचे समर्थक म्हणून ओळखले जाणारे डेमोक्रॅट जो मँचिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी यांनी मिळून एक मवाळ प्रस्ताव आणला: शस्त्रमेळ्यांत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीतही पडताळणी व्हावी, मित्र-नातेवाइकांतील व्यवहार वगळावेत आणि नोंदवही मात्र करू नये. त्याच्या बाजूने ५४ मते पडली, विरोधात ४६, आणि प्रस्ताव पडला. बाजूने मत देणाऱ्यांत चार रिपब्लिकन होते, तर ग्रामीण राज्यांतून आलेले चार डेमोक्रॅट विरोधात गेले. त्याच दिवशी, एका राज्याचा बंदूक सोबत बाळगण्याचा परवाना इतर राज्यांतही चालावा, हा बंदूक समर्थकांचा प्रस्ताव ५७ मते मिळवूनही पडला. म्हणजे ६० मतांची भिंत दोन्ही बाजूंना अडवत होती; पण जैसे थे परिस्थिती एकाच बाजूला सोयीची होती. मृत मुलांच्या पालकांना शेजारी उभे करून अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या बागेत आपला संताप व्यक्त केला, त्यापलीकडे ते काही करू शकले नाहीत.

अशा हत्याकांडांची झळ भारतीयांनाही लागली आहे. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात मारल्या गेलेल्या ३२ जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी आणि भारतात जन्मलेले एक प्राध्यापक होते. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात सहा भाविकांचा जागीच बळी गेला. व्हर्जिनिया टेकच्या घटनेनंतर संसदेने मानसिक आजारासंबंधीच्या न्यायालयीन नोंदी पडताळणी यंत्रणेत याव्यात म्हणून राज्यांना अनुदान देणारा छोटा कायदा केला. त्याला दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिला होता.

दोन पक्ष किती दूर गेले, हे एकाच विषयावरील दोन मतदानांत स्पष्ट दिसते. १९९४ च्या बंदीच्या बाजूने प्रतिनिधिगृहात ३८ रिपब्लिकन होते आणि विरोधात ७७ डेमोक्रॅट. जुलै २०२२ मध्ये तशीच बंदी प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी संमत केली, तेव्हा बाजूने रिपब्लिकन होते दोन आणि विरोधात डेमोक्रॅट पाच. सिनेटमध्ये ती मतदानापर्यंतही पोचली नाही. त्या दोन रिपब्लिकनांपैकी ख्रिस जेकब्स न्यूयॉर्क राज्यातील बफेलो परिसराचे प्रतिनिधी होते. मे २०२२ मध्ये बफेलोतील एका किराणा बाजारात दहा जणांची हत्या झाल्यावर त्यांनी बंदीला पाठिंबा जाहीर केला, आणि आठवडाभरातच स्वपक्षीयांच्या रोषामुळे त्यांना निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. या स्थितीचा सगळा दोष रायफल असोसिएशनच्या पैशावर टाकण्याची पद्धत आहे, पण ती अपुरी वाटते. आर्थिक गैरव्यवहारांच्या प्रकरणांनी ती संघटना खिळखिळी झाली, तिचे दीर्घकाळचे प्रमुख वेन लापिएर यांना २०२४ मध्ये पायउतार व्हावे लागले, आणि तरीही संसदेतील मतांची विभागणी जिथल्या तिथे राहिली. कारण तोवर बंदूक हा ग्रामीण, पुराणमतवादी अमेरिकेच्या ओळखीचा भाग झाला होता.

कोंडी एकदा फुटली. बफेलोनंतर दहा दिवसांनी, २४ मे २०२२ रोजी, टेक्सासमधील उवाल्डी येथील शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. सिनेटमधील डेमोक्रॅट ख्रिस मर्फी व कर्स्टन सिनेमा आणि रिपब्लिकन जॉन कॉर्निन व थॉम टिलिस यांनी महिनाभरात तडजोड घडवली. सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मतांनी संमत झालेल्या या कायद्याला पंधरा रिपब्लिकनांनी मत दिले आणि २५ जून रोजी अध्यक्ष जो बायडन यांनी त्यावर सही केली. २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून चौकशी, प्रेमसंबंधातील जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांवर बंदूक बाळगण्यास बंदी, दुसऱ्याच्या वतीने बंदूक विकत घेण्याच्या प्रकारांना कठोर शिक्षा आणि धोकादायक व्यक्तीकडून तात्पुरती शस्त्रे काढून घेणाऱ्या राज्यांना मदत, या त्यातील मुख्य तरतुदी होत. कोणत्याही बंदुकीवर बंदी नाही आणि सार्वत्रिक पडताळणीही नाही, म्हणूनच तो झाला. एवढ्यासाठीही कॉर्निन यांना टेक्सासमधील पक्षाच्या अधिवेशनात उपस्थितांचा आरडाओरडा सोसावा लागला.

संसद थांबली की प्रश्न इतर दारांनी आत येतो. लास व्हेगासमधील २०१७ च्या हत्याकांडात हल्लेखोराने बंप स्टॉक हे जोडउपकरण वापरून मशीनगनच्या वेगाने गोळ्या झाडल्या. ट्रम्प प्रशासनाने २०१८ मध्ये नियम करून या उपकरणावर बंदी घातली, पण जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तसे करायचे तर कायदा संसदेने बदलायला हवा. उवाल्डीच्या घटनेला महिनाही झाला नसताना, ब्रूएन खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि निर्बंधांना ऐतिहासिक परंपरेचा आधार हवा अशी कसोटी लावली. कौटुंबिक हिंसाचारावरून न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्या व्यक्तींवरील शस्त्रबंदी मात्र २०२४ च्या रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी टिकली. राज्ये तर दोन दिशांना गेली आहेत: निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याविना बंदूक सोबत नेता येते, तर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट यांसारख्या राज्यांत कडक नियम आहेत. फ्लोरिडाचे उदाहरण वेगळे आहे. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेल्यावर तेथील रिपब्लिकन विधिमंडळाने आणि राज्यपालांनी सुमारे तीन आठवड्यांत बंदूक खरेदीचे किमान वय २१ वर नेले.

जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकन बहुमताने एका मोठ्या अर्थविषयक विधेयकातून १९३४ च्या त्या २०० डॉलर कराला पुन्हा हात घातला. अर्थविषयक विधेयकाला साध्या बहुमताची वाट खुली असते. नव्वद वर्षांत एका डॉलरनेही न वाढलेला हा कर आवाज दाबणारी उपकरणे आणि आखूड नळीच्या बंदुका यांच्यासाठी १ जानेवारी २०२६ पासून शून्य करण्यात आला. मशीनगनवर तो कायम राहिला. करमुक्त झालेल्या या उपकरणांची आणि आखूड नळीच्या बंदुकांची नोंदणीही रद्द करावी असा समर्थकांचा आग्रह होता, परंतु सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी ती केवळ अर्थविषयक बाब नसल्याचे सांगितले, आणि त्यामुळे तिला ६० मतांची अट लागली. ती मते जमणे शक्य नव्हते, म्हणून तो भाग विधेयकातून वगळण्यात आला आणि नोंदणी चालू राहिली.