लाकडी डेक: वरच्या फळ्यांआधी खालचे पाहा

कोकणात पावसाच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. अशा ठिकाणी परसातला डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा चौथरा, बहुधा खालून कुजतो. फळ्यांखाली पाणी साचते, वारा लागत नाही आणि ओल्या मातीतून वाळवी थेट फळ्यांखालच्या आडव्या वाशांत शिरते. म्हणून खर्चात काटकसर करायचीच झाली तर डेक लहान करा, पण पाया आणि वासे हलके घेऊ नका.

खालची जमीन घरापासून दूर उतरती हवी, दर १० फुटांना २ इंच. त्यावर तणरोधक कापड आणि ३ इंच खडी. वाशांखालचे काँक्रीटचे ठोकळे जमिनीच्या ६ इंच तरी वर येऊ द्या. लाकूड मातीला कुठेही टेकता कामा नये. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथे मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. घराच्या भिंतीला डेक चिकटवू नका, बोटभर फट ठेवा.

१० × १२ फुटांच्या डेकचा हिशेब असा: ४ × २ इंची वासे, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर, म्हणजे १० वासे. फळ्या ४ इंच रुंद, १ इंच जाड. मध्ये पाव इंच फट धरून २८ रांगा, म्हणजे ३३६ फूट. तूट धरून ३७० फूट घ्या, साधारण सव्वादहा घनफूट. सलग १२ फुटी फळी मिळाली नाही तर सांधा वाशावरच आला पाहिजे, आणि तिथे वासा जोडीने लावा. एकाच वाशावर दोन टोके कसली की लाकूड फाटते.

साग घेताना गाभ्याचाच घ्या. कडेचा फिकट भाग वाळवी आधी खाते. फळ्या पुरत्या वाळलेल्या नसतील तर फटी नंतर दुप्पट होतात.

प्रत्येक वाशावर फळीला दोन स्क्रू, म्हणजे ५६०, ६०० आणा. स्टेनलेसचेच, अडीच इंची, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. साध्या लोखंडाभोवती सागावर काळे डाग पडतात, ते घासून जात नाहीत. आधी ड्रिलने भोक पाडा, विशेषतः टोकांजवळ.

तेल

व्हार्निश आम्ही लावत नाही. उन्हाने ते तडकते, भेगेतून पाणी आत जाते आणि मग सगळे खरवडावे लागते. ८० नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. त्याहून गुळगुळीत केल्यास तेल नीट मुरत नाही. बाहेरच्या लाकडासाठीच्या डेक तेलाचे दोन हात द्या, कापलेल्या टोकांना तीन. वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून घ्या. नाहीतर ते चिकट राहून धूळ धरते.

पुसलेली फडकी चुरगळून टाकू नका. डेक तेलात बहुधा जवसाचे तेल असते, ते वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पुढे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये एक हात पुरतो. पाणी शिंपडून पाहा: थेंब उभे राहिले तर तेल अजून आहे. साग करडा पडला म्हणजे कुजला असे नव्हे, तो फक्त उन्हाचा रंग. टोचणी सहज आत गेली, तर मात्र ती फळी बदला आणि खालचा वासाही तपासा.