टोमॅटो लाल होताना डीएनएवरून काय पुसले जाते?

पूर्ण वाढलेला पण अजून हिरवा टोमॅटो आडवा कापून पाहावा. पुष्कळदा बियांभोवतीचा गर बुळबुळीत होऊन त्यात तांबूस छटा उतरलेली दिसते, साल मात्र बाहेरून हिरवीच असते. पिकणे आतून बाहेर आणि फळाच्या टोकाकडून देठाकडे सरकत जाते. या काळात हरितद्रव्य मोडते आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साठत जाते, हे आपण शिकलेले असतो. पण लायकोपीन घडवणाऱ्या विकरांची जनुके तर फळ वाटाण्याएवढे असल्यापासून त्याच्या प्रत्येक पेशीत असतात. मग ती इतके दिवस गप्प का राहतात, हा खरा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा मोठा भाग एपिजेनेटिक बदलांत, म्हणजे डीएनएचा अक्षरक्रम तोच ठेवून जनुकांचे काम बदलणाऱ्या खुणांत, सापडतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला पेशी काही ठिकाणी मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा तुकडा, जोडते. यामुळे मूळ मजकुरातले एकही अक्षर बदलत नाही. परंतु जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात असे गट दाटीने बसले, तर ते जनुक सहसा वाचले जात नाही. याला मेथिलीकरण म्हणतात.

टोमॅटोच्या बाबतीत याचा पहिला ठळक पुरावा एका न पिकणाऱ्या वाणाने दिला. ‘सीएनआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या झाडाची फळे लाल होत नाहीत, साल फिकट पिवळी राहते आणि गर पिठूळ लागतो. ब्रिटनमधील संशोधकांनी 2006 मध्ये यामागचे जनुक शोधले, तेव्हा त्याच्या अक्षरक्रमात दोष नव्हता. नियंत्रक भागात मेथिल गट मात्र दाट होते, आणि हा बदल बियांतून पुढच्या पिढ्यांतही जात होता. पुढे निरोगी टोमॅटोत हेच जनुक मुद्दाम निकामी करून पाहिले, तर फळे थोडी उशिरा का होईना, पण पिकली. म्हणजे एका जनुकावरच्या मेथिल गटांनी सगळा उलगडा होतो असे नाही. माझ्या मते या दुरुस्तीमुळे ही गोष्ट अधिक विश्वासार्ह होते, कारण इतर प्रयोगांनी एका जागेऐवजी संपूर्ण डीएनएकडे लक्ष वळवले.

असा सर्वांत बोलका प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मेथिलीकरण रोखणारे अ‍ॅझासायटिडिन हे द्रव्य संशोधकांनी कोवळ्या, हिरव्या टोमॅटोंमध्ये टोचले, आणि ती फळे वेळेआधीच लाल होऊ लागली. एरवी बी जून होईपर्यंत फळ पिकत नाही. इथिलीन हे फळ पिकवणारे संप्रेरक मिळाले तरी अगदी कोवळे फळ त्याला दाद देत नाही. त्या अडसरात मेथिल गटांचा हात आहे, हे येथे दिसले. फळाच्या चार अवस्थांमधील डीएनए तपासल्यावर मेथिलीकरणात फरक पडलेल्या 52,095 जागा आढळल्या. पिकण्याची सूत्रे हलवणारे ‘रिन’ नावाचे प्रथिन ज्या ठिकाणी डीएनएवर बसते, त्यांपैकी पुष्कळ जागा पिकताना मेथिल गटांपासून मोकळ्या होत होत्या. हे गट आपोआप गळत नाहीत. ‘डीएमएल2’ नावाचे विकर ते काढून टाकते, आणि ते विकर बंद पाडलेल्या झाडांवर फळांचे पिकणे अडते.

सफरचंदात हेच सालीवर उघड दिसते. ‘हनीक्रिस्प’ जातीच्या काही फळांवर देठापासून खाली लाल आणि हिरवट पट्टे उतरलेले असतात. एकाच फळाच्या सालीत, शेजारीशेजारी, दोन रंग! दोन्ही पट्ट्यांतला डीएनएचा अक्षरक्रम सारखाच. पण अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याची निर्मिती सुरू करणाऱ्या ‘एमवायबी10’ जनुकाच्या नियंत्रक भागात हिरवट पट्ट्यांमध्ये मेथिल गट जास्त आढळले.

फुलांमधले उदाहरण जर्मनीतल्या कोलोन शहराजवळच्या शेतातले आहे. तेथे मक्याचे एक रंगजनुक घातलेली सुमारे 30,000 पेटुनियाची झाडे 1990 मध्ये लावली होती. हंगामाच्या सुरुवातीला बहुतेक फुले लालसर उमलली, परंतु पुढे त्याच झाडांवर येणारी फुले फिकी पडत गेली, आणि बाहेरून घातलेल्या त्या जनुकाच्या नियंत्रक भागातील मेथिलीकरण वाढल्याचे आढळले. यात उन्हा-तापमानासारख्या बाह्य परिस्थितीचा वाटा होता, तसाच झाडाच्या वयाचाही होता: एकाच झाडाच्या सुरुवातीच्या फुलांपासून आणि उशिराच्या फुलांपासून धरलेल्या बियांची रोपे रंगाला सारखी निघाली नाहीत.