प्रथिनांचे स्फटिक आणि संगणकावरची पेशी : आमचा संच घेण्यापूर्वी एवढे वाचा

सांगलीच्या विश्रामबागेतून आम्ही सांगली, मिरज, कराड आणि सातारा भागातल्या महाविद्यालयांना जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांचे साहित्य पुरवतो. अलीकडे दोन गोष्टींची विचारणा वाढली आहे. एक, प्रथिनांचे स्फटिक करण्याचा संच (अशा स्फटिकावर क्ष-किरण टाकून प्रथिनाची रचना कळते). दुसरी, पेशीचे संगणकीय प्रारूप तयार करायला शिकवणारी कार्यशाळा. आम्ही दोन्ही देतो. मात्र कशातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे पैसे भरण्याआधीच ग्राहकाला कळले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

थेंबात काय घडते

संचात 24 खळ्यांची प्लेट, कव्हरस्लिपा (पातळ काचा), ग्रीस, बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) आणि लायसोझाइम असते. लायसोझाइम म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातले प्रथिन. 1965 साली डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच रचना उलगडली. रचना कळलेले ते पहिले एन्झाइम. नवशिक्याच्या हाताला ते लवकर यश देते, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

खळीत सुमारे 500 मायक्रोलिटर मिठाचे द्रावण घ्यायचे. कव्हरस्लिपवर 2 मायक्रोलिटर प्रथिन आणि खळीतलेच 2 मायक्रोलिटर द्रावण एकत्र करायचे, स्लिप उलटी करून खळीवर ठेवायची आणि कडा ग्रीसने बंद करायच्या. थेंबात मीठ निम्मे असल्यामुळे त्यातले पाणी वाफेवाटे हळूहळू खळीकडे जाते आणि थेंब दाट होत जातो. साखर कारखान्यात पॅनवर काम केलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागणार नाही : पाक हव्या त्या दाटपणाला आला की दाणा धरतो, घाई केली तर नुसता बारीक चुरा पडतो. प्रथिनाचेही तसेच. प्लेटच्या ओळीत मिठाचे प्रमाण 4 टक्क्यांपासून 8 टक्क्यांपर्यंत चढते ठेवा. कुठे थेंब स्वच्छच राहील, कुठे गढूळ होईल आणि मधल्या एखाद्या खळीत, बहुधा दुसऱ्या दिवशी, कडा रेखीव असलेले स्फटिक दिसतील.

आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. लायसोझाइमचे स्फटिक ऊब लागली की पुन्हा विरघळू लागतात. प्लेट 20 अंशांच्या आसपास बीओडी इनक्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात) ठेवा, आणि वीज वारंवार जात असेल तर इनक्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या. फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, हादरे बसतील अशा जागी प्लेट ठेवू नका.

दिसलेला स्फटिक मिठाचा की प्रथिनाचा, हा प्रश्न प्रत्येक विभागातून येतो. प्रथिन न घालता नुसत्या बफरचा एक थेंब शेजारी लावा. तिथेही तसाच स्फटिक आला तर तो मिठाचा. सुईने टोचूनही कळते : मिठाचा खडा कडक लागतो, प्रथिनाचा लगेच भुगा होतो, कारण त्याच्या आत जवळजवळ निम्मे पाणीच असते. हे पाणी टिकवणे किती गरजेचे आहे, ते 1934 मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिन या जठरातल्या प्रथिनावर दाखवले. वाळलेल्या स्फटिकातून क्ष-किरणांचे नीट चित्र उमटत नव्हते. मूळ द्रावणात ओला ठेवल्यावर ते उमटले. तेव्हा झाकण उघडून मुलांना स्फटिक दाखवण्याचा मोह आवरा. सूक्ष्मदर्शकातून काचेआडूनही तो छान दिसतो.

तुमचे स्वतःचे प्रथिन असेल तर आधी त्याच्या शुद्धतेवर वेळ घालवा. जेम्स समनर यांनी 1917 मध्ये जॅक बीनच्या बियांतल्या युरिएज या एन्झाइमवर काम सुरू केले आणि स्फटिक त्यांना 1926 मध्ये मिळाला. हे बी आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातले. लहानपणी शिकारीतल्या अपघातात हात गमावलेल्या या माणसाने हे सगळे एका हाताने केले, आणि एन्झाइम हे प्रथिन असते हे त्यातून सिद्ध झाले. 1946 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अशुद्ध नमुन्यासाठी आमच्याकडून आणखी चार प्रकारची द्रावणे मागवण्यात अर्थ नाही. आम्ही तसे स्पष्ट सांगतो.

अल्फाफोल्ड असताना स्फटिक कशाला?

अल्फाफोल्ड हा प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा संगणक प्रोग्राम. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांच्या रचनेशी निगडित संगणकीय कामासाठीच मिळाले. पण हा प्रोग्राम शिकला तो 1971 मध्ये केवळ 7 रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या संग्रहातून, आणि तिथल्या बहुतेक रचना स्फटिकांतूनच आल्या आहेत. अंदाज मोफत मिळतो, तो जरूर घ्या. औषधाचा रेणू नेमका कुठे बसला हे पक्के सांगायचे असेल तर मात्र मोजमाप हवे. चांगला स्फटिक हाती आला तर इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिन-स्फटिकांसाठी खास किरणरेषा आहे. तिथे अर्ज कसा करायचा ते आम्ही समजावून देतो.

संगणकावरची पेशी

स्फटिकातून प्रथिनाचा आकार कळतो, त्याच्या कामाचा वेग कळत नाही. वेगाच्या प्रश्नासाठी प्रारूप लागते. अ‍ॅलन हॉजकिन (वरच्या डोरोथी हॉजकिन नव्हेत) आणि अँड्र्यू हक्सली यांनी 1952 मध्ये चेतातंतूची समीकरणे मांडली, तेव्हा हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली होती. 1960 मध्ये डेनिस नोबल यांनी तीच वाट हृदयाच्या पेशीपर्यंत नेली. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या 525 जनुकांच्या जिवाणूची अख्खी पेशी 28 उपप्रारूपे जोडून संगणकावर चालवली.

आमच्या कार्यशाळेत एवढी मोठी झेप नाही. कोपासी हे मोफत सॉफ्टवेअर वापरून एकाच एन्झाइमची अभिक्रिया मांडायची, तिचे वेग स्वतः मोजायचे आणि आलेख जुळतो का ते पाहायचे. सॉफ्टवेअरचे पैसे आम्ही घेत नाही, शिकवण्याचे घेतो. एक आग्रह मात्र धरतो : मोजलेल्या आकड्यांपैकी काही बाजूला ठेवा आणि प्रारूप तयार झाल्यावर त्यांच्याशी ताडून पाहा. जुळवायला स्थिरांक भरपूर असले की कोणताही आलेख जुळवता येतो, त्यामुळे नुसत्या जुळण्यावर विसंबू नका.

पेटंटबद्दल

निसर्गात आहे तसे प्रथिन शोधले म्हणून आपल्या पेटंट कायद्यात पेटंट मिळत नाही (कलम 3(सी)). नुसता संगणक प्रोग्राम किंवा गणिती पद्धत असेल तरी नाही (कलम 3(के)). स्फटिक वाढवण्याची नवी पद्धत किंवा उपकरण असेल तर विचार होऊ शकतो. मात्र परिषदेत पोस्टर लावण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात.

मागणी नोंदवताना तीन गोष्टी कळवा : विद्यार्थ्यांची संख्या, बीओडी इनक्युबेटर आहे की नाही, आणि 2 मायक्रोलिटर अचूक घेणारी पिपेट आहे का. पिपेट नसेल तर संचाआधी ती घ्या.